फी न घेणाऱ्या डॉक्टरांवर तक्रार

आधी सांगून टाकते, मी बरी झाले आहे. पोटावर दोन आवळलेल्या खुणा आहेत, हवा दमट झाली की त्या खाजतात. बाकी मी जेवते, जिने चढते आणि भांडते. आजारपणावरचं पुस्तक हातात आलं की मी शेवटचं पान आधी उघडते, बाई वाचली की नाही ते बघायला. तुमचा तेवढा त्रास वाचवला.

मी तंजावूरची, राजवाड्यामागच्या गल्लीतली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मला वडिलांनी कान धरून शिकवली म्हणून हे लिहिता येतं आहे. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. माझा आवाज गोड आहे असं लोक म्हणतात. आमचे व्यंकटराव म्हणतात, फक्त फोनवर. ते शाळेत चित्रकला शिकवतात आणि कोणालाही नाही म्हणू शकत नाहीत. घरात तिसरं माणूस अत्या, ह्यांच्या वडिलांची बहीण. ह्यांची आई लवकर गेली, तेव्हापासून अत्यांनीच ह्यांना वाढवलं. पंचांग, सोवळं आणि माया, ह्या क्रमाने अत्या बनलेल्या आहेत असं मी चिडले की म्हणते. खरं तर क्रम उलटा आहे.

हे लिहायचं कारण असं की नर्सिंग होममध्ये ऑपरेशन होऊन जखम चिघळलेल्या बायका, त्यांच्या मुली, त्यांचे नवरे अजून मला गाठतात. बाजारात, बसमध्ये, एकदा तर देवळात प्रदक्षिणा घालताना. "तुम्ही काय केलंत?" असं विचारतात. सगळ्यांना उभ्या उभ्या सांगून दमले. म्हणून बसून लिहिते.

आपला माणूस

एका लग्नाच्या पंक्तीत दोन लाडू जास्त खाल्ले आणि रात्री उजव्या बरगडीखाली असं दुखलं की मी भिंतीला नखं लावली. नव्याने निघालेल्या स्कॅन सेंटरात पित्ताशयात खडे दिसले. ऑपरेशन करावं लागेल म्हटल्यावर कोणाकडे जायचं हा प्रश्न आमच्या घरात पडलाच नाही. किट्टू डॉक्टरांकडे!

किट्टू म्हणजे कृष्णराव. आमच्याच गल्लीतला, चार घरं सोडून पलीकडचा. लहानपणी त्याच्या घरी कुरबूर झाली की आमच्या ओसरीवर येऊन बसायचा आणि अत्या त्याला ताक-भात कालवून द्यायच्या. मद्रासला शिकून, तिथे काही वर्षं काम करून तो परत आला आणि त्याने वडिलांच्या घराचा पुढचा भाग पाडून नर्सिंग होम बांधलं. परदेशी वस्तू आणायची मोकळीक तेव्हा नुकती झाली होती. कोणी परदेशी टीव्ही आणला, कोणी मिक्सर. किट्टूने पोटात घालायची दुर्बीण आणली. पोट न फाडता चार लहान भोकांतून ऑपरेशन! गावात कौतुक झालं. आम्हाला तर आपणच ती दुर्बीण आणल्यासारखी ऐट आली होती.

आणि तो आमच्याकडून फी घेत नसे. गल्लीतल्या कोणाकडूनच नाही. बरं होऊन घरी आल्यावर एका ताटात वेष्टी म्हणजे धोतर, फळं आणि पानसुपारी ठेवून द्यायची, तो वाकून घ्यायचा, की झालं. कोणी फी किती असं विचारलं असतं तर त्याला राग आला असता आणि आम्हाला लाज वाटली असती. फी नाही म्हणून बिल नाही. बिल नाही म्हणून कागदही नाहीत. परक्या रोग्याला भेटायची वेळ ठरलेली, आम्हाला चोवीस तास दार उघडं. परक्याला ऑपरेशनची पाळी, आम्हाला हवी तेव्हा. तेव्हा हे सगळं मला सुख वाटलं होतं. आता वाटतं की नर्सिंग होममधले नियम परक्या माणसाची राखण करतात. आम्ही सगळे मिळून ते माझ्यावरून बाजूला केले, आणि तेही मायेने.

शुक्रवार

ऑपरेशन शुक्रवारी दुपारी ठरलं होतं. सकाळी माझ्या आधी दोन रोगी होते. शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. अत्या सकाळीच पंचांगासकट हजर.

"किट्टू, राहुकाळ संपल्यावर अष्टमी लागते रे. राहुकाळाच्या अगोदरच हिला आंत घे. बेगीन होईल कीं?"

"सेरी, अत्या," किट्टू हसून म्हणाला. "तुम्ही सांगटल्यावर मी कोण?"

दुसऱ्या रोग्याला मागे ठेवून मला आत नेलं. टेबलावर पडल्यावर बाजूच्या ट्रेमध्ये औषधी पाण्यात बुडवलेली हत्यारं मला दिसत होती. पहिल्या माणसाचं ऑपरेशन आटोपून ती तिथे नुकतीच पडली होती. किट्टू नर्सला तमिळमध्ये म्हणाला, "काढ ती बाहेर, नाहीतर राहुकाळ आपल्या मागे लागेल." नर्स हसली. मीही हसले. मग मला झोप लागली.

तिसऱ्या दिवशी मी घरी आले. गल्लीने मला मिरवलं. बायका पदर सरकवून ती चार भोकं बघून गेल्या. एवढीशीच! आम्ही ताट घेऊन गेलो, वेष्टीला जरीचा काठ होता.

लाल गाठ

महिना झाला असेल. बेंबीजवळची खूण लाल झाली, मग फुगली, मग फुटली. त्यानंतर बरगडीखालची. ताप फारसा नाही, पण पाणी वाहायचं थांबेना. किट्टूने गोळ्या दिल्या. त्या संपल्यावर दुसऱ्या दिल्या, मग इंजेक्शनं. दर वेळी म्हणायचा, "सरेल, वहिनी, सरेल." तो घाबरला होता असं मला आज वाटतं. तेव्हा मला तो नुसता घाईत दिसायचा.

एक्स्चेंजमध्ये मी पोटावर फडकं बांधून बसायची. कॉल जोडताना मध्येच ओल जाणवायची. साडी भिजली की काय ह्या भीतीने मी उठायचीच नाही. ओल्या जखमेला वास येतो, आणि आपला वास आपल्याला आला की माणूस स्वतःलाच नकोसा होतो. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. तुम्हाला तसं वाटत असेल तर तुम्ही वेड्या नाही.

ड्रेसिंग व्यंकटराव करायचे. पहिल्या दिवशी ते पांढरे पडून खाली बसले, तेव्हा मीच त्यांना पाणी दिलं. पुढे इतके तयार झाले की त्यांच्यासारखा हलका हात मला कोणाचाच लागला नाही. दर रविवारी ते जखमेवर पातळ कागद धरून पेन्सिलीने तिचा आकार काढायचे आणि मागच्या रविवारच्या आकाराशी ताडून बघायचे. "तळं आटतंय," म्हणायचे. आटत नव्हतं. मला कळायचं की ते पेन्सिल जरा आतूनच फिरवतात. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण मी त्यांच्या खऱ्या प्रेमात पडले ती तेव्हा.

तिरुची

शेवटी एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींनी मला जवळजवळ उचलून तिरुचीच्या बसमध्ये घातलं. तिथल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी जखमेतला तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं आणि आम्हा दोघांना बसवलं.

"हा साधा जंतू नाही," त्या म्हणाल्या. "साध्या औषधांना दाद देत नाही. मी देते त्या गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतील. त्यांनी तोंडाची चव जाईल, मळमळेल, पण तुम्ही बऱ्या व्हाल."

मी रडले नाही. मी विचारलं, "हा मला कुठे मिळाला? आमच्याकडे पाणी उकळून पितात."

त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला. "हा पिण्याच्या पाण्यातून पोटावरच्या भोकात जात नाही. ऑपरेशनची हत्यारं ज्या द्रावात बुडवतात तो वेळच्या वेळी बदलला नाही, किंवा ती त्यात पुरेसा वेळ ठेवली नाहीत, की तो हत्यारांबरोबर आत जातो. तुमच्यासारखी आणखी एक बाई माझ्याकडे आहे. तंजावूरकडचीच."

ती बाई बाहेर बाकावर बसली होती. सेल्वी. तिरुवैयारूजवळ तिची शेती होती, मांडीवर केळीच्या पानात बांधलेला भात होता आणि पोटावर माझ्यासारखंच फडकं होतं. ऑपरेशन किट्टूकडेच, माझ्या आधी आठवडाभर. तिच्यासाठी कोणी राहुकाळ पाहिला नव्हता. तिने पैसे भरले होते, बिल जपून ठेवलं होतं. तिने मला अर्धा भात दिला. कित्येक दिवसांनी मला अन्नाची चव लागली, कारण समोरच्या बाईलाही तोच वास येत होता आणि ती तरी जेवत होती.

घरातलं

तक्रार करायची असं मी घरी म्हटलं, तेव्हा व्यंकटरावांनी ड्रेसिंगचा हात थांबवला. "किट्टूवर? त्याच्या वडिलांनी मला शाळेत चिकटवलं."

"म्हणून मी सडू का?"

"तसं नाही ग. पण गल्लीत तोंड कसं दाखवायचं?"

"माझं तोंड ठीक आहे. पोट दाखवते."

आम्ही बरेच दिवस धड बोललो नाही. ड्रेसिंग मात्र एकदाही चुकलं नाही. दोन माणसं एकमेकांशी अबोला धरून रोज सकाळी एकाच जखमेवर वाकतात, ते दृश्य आता आठवलं की हसू येतं. तेव्हा नव्हतं येत.

मी आधी किट्टूकडेच गेले होते, हेही सांगायला हवं. तिरुचीचा रिपोर्ट पुढे ठेवला. मला पैसे नको होते. काय झालं ते त्याने सांगावं आणि तो ट्रे, ती दुर्बीण नीट होईपर्यंत बंद ठेवावी, एवढंच म्हणणं होतं. त्याने रिपोर्ट वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "असं कुठंही होतं, वहिनी." बाहेर तीन रोगी बाकावर बसले होते. त्यातली एक गरोदर होती. मी तिच्याकडे बघत बाहेर आले आणि माझं ठरलं.

वकीलबाई

कमला वकिलीणबाईंचा आवाज मी आधीपासून ओळखत होते. त्यांचे मद्रासचे कॉल मीच जोडायची. एका एसटीडी बूथच्या वर त्यांची खोली होती आणि गावातल्या ग्राहक संघटनेचं काम त्या बघायच्या. बाईंनी आधी मला घाबरवलं, आणि ते बरंच केलं.

"ऑपरेशनचा निकाल वाईट आला म्हणजे डॉक्टर चुकला, असं कायदा मानत नाही," त्या म्हणाल्या. "जी काळजी घ्यायची रीत आहे ती घेतली नाही आणि त्यामुळेच तुम्हाला हे झालं, असं दाखवावं लागतं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत लागतं. ते तुमच्याकडे आहे, नशीबवान आहात. डॉक्टर डॉक्टरविरुद्ध सहसा लिहीत नाहीत."

मग त्यांनी रस्ते सांगितले. पोलिसांत जाता येतं, पण तो रस्ता घोर हलगर्जीपणासाठी, आणि त्यात रोगी बरा होण्याआधी म्हातारा होतो. दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा लावता येतो, त्याला खर्च आणि वर्षं दोन्ही लागतात. डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार करता येते, ती त्याच्या वागणुकीची चौकशी करील, पण तुमच्या हाती काही देणार नाही. आणि चौथा रस्ता जिल्ह्याच्या ग्राहक मंचाचा. घडल्यापासून, किंवा कारण कळल्यापासून, दोन वर्षांच्या आत जायचं. वकील नसला तरी चालतं. डॉक्टरांची सेवाही त्या कायद्यात येते असं देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने नुकतंच सांगितलं होतं.

"कागद आणा," त्या म्हणाल्या. "घरी सोडल्याचा कागद, ऑपरेशनची नोंद, बिल."

मी तिरुचीचा रिपोर्ट तेवढा पुढे सरकवला.

"बिल?"

मी त्यांना वेष्टी आणि पानसुपारीबद्दल सांगितलं. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "अहो, वकिली करून केस पांढरे झाले माझे. डॉक्टरला धोतर देऊन ऑपरेशन करून घेणारी अशील पहिल्यांदा आली."

म्हणून जे वाचताहेत त्यांना हात जोडून सांगते. डॉक्टर सख्खा भाऊ असला तरी घरी निघताना कागद मागा. ऑपरेशन कधी, कोणी केलं, कोणती औषधं दिली, सगळं लिहून घ्या. नंतर मागायचं तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच ठेवा. मागण्यात अविश्वास नसतो. आम्ही तो अविश्वास मानला, आणि त्या नोंदी मिळवायला मला दोन अर्ज आणि एक नोटीस लागली.

सेल्वीनेही आपली तक्रार दिली. तिचा नवरा आधी नको म्हणत होता. ती त्याला म्हणाली, "ती अक्का त्यांच्या घरची असून भांडते, मी कशाला भिऊ?" मला मात्र तिचाच धीर होता. हे मी तिला कधी सांगितलं नाही, आता लिहिते आहे.

उत्तर

किट्टूच्या वकिलाचं उत्तर इंग्रजीत आलं. व्यंकटराव ओसरीवर बसून मोठ्याने वाचत, मराठी करत होते. अत्या शेजारी शेंगा निवडत होत्या. आमच्या हेही लक्षात आलं नाही की त्या ऐकताहेत.

उत्तरात दोन मुद्दे होते. पहिला असा की ह्या बाईंवर डॉक्टरांनी विनामूल्य, धर्मादाय उपचार केले. त्या ग्राहकच नाहीत, त्यांना तक्रारीचा अधिकार नाही.

धर्मादाय! पोटावरच्या जखमेने मला जेवढं दुखवलं नाही तेवढं त्या शब्दाने. इतकी वर्षं तो वाकून ताट घ्यायचा, ते दान देत होता म्हणून? मी तिथेच रडले, पहिल्यांदा.

दुसरा मुद्दा वाचताना व्यंकटरावांची जीभ थांबायला हवी होती. पण वाचण्याच्या भरात ते वाचून गेले. रुग्णाच्या घरातील एका वृद्ध स्त्रीने अंधश्रद्धेपोटी हट्ट धरून ऑपरेशन घाईने करण्यास भाग पाडले. काही दोष असलाच तर तो रुग्णाच्या कुटुंबाचा आहे.

शेंगांचा आवाज थांबला. अत्या उठून आत गेल्या.

त्या दिवसापासून अत्यांनी पंचांग उघडलं नाही आणि भात सोडला. ताक घ्यायच्या, पाणी घ्यायच्या, कधी एखादं फळ. विचारलं तर म्हणायच्या, "भूक नाहीं." मी हट्टाला पेटले तेव्हा एकदाच बोलल्या.

"माझ्या तोंडानंच झालं गो. तूं सांगूं नको मला कांहीं. अस्क, सगळं माझ्यानं झालं."

मी समजावलं. व्यंकटरावांनी समजावलं. सेल्वीची गोष्ट सांगितली, की तिला कोणी घाई केली नव्हती तरी तिलाही तेच झालं. त्या मान हलवायच्या आणि ताकाचा पेला उचलायच्या. अत्यांच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरायला लागल्या. मी गोळ्यांनी बरी होत होते आणि त्या माझ्यासमोर आटत होत्या. भीती मला माझ्या आजारात वाटली त्याहून जास्त तेव्हा वाटली. आमच्या शब्दांचा उपयोग नव्हता. ते शब्द किट्टूच्या तोंडून यायला हवे होते, आणि किट्टूचं तोंड वकिलाने शिवलं होतं.

व्यंकटराव दुसऱ्या दिवशी कमलाबाईंकडे स्वतः गेले. कोणालाही नाही न म्हणणारा माणूस परत येऊन मला म्हणाला, "आता माघार नाही." किट्टूच्या वडिलांचं नावही त्यांनी पुन्हा काढलं नाही.

फुकटच्या मुद्द्यावर बाईंनी मला धीर दिला होता. जो दवाखाना सगळ्यांवरच फुकट उपचार करतो तो कायद्याबाहेर. पण जो इतरांकडून फी घेतो आणि कोणा एकाकडून घेत नाही, तिथे त्या एकालाही हक्क असतो. "ते म्हणतील, हे गरिबांसाठी सांगितलंय, गल्लीतल्या माणसांसाठी नाही. म्हणू दे. आपण भांडू. भांडायला तुम्हाला शिकवावं लागणार नाही." हे त्यांनी फोनवरूनच ओळखलं होतं.

मंचासमोर

निकाल आत्ताच सांगते, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको. पुढे बऱ्याच तारखांनंतर दोन्ही तक्रारी मान्य झाल्या, माझीही आणि सेल्वीचीही. भरपाई मिळाली. ते पैसे औषधांत गेले, आणि त्याबद्दल मला काही सांगायचं नाही. सांगायचं आहे ते त्या दिवसाचं, ज्या दिवशी किट्टूला मंचाने बोलावलं.

अत्या येणार म्हणून हटून बसल्या. ऑटोत दोघांनी धरून बसवलं. मंच म्हणजे साधी खोली, तीन खुर्च्या, पंखा. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. अत्या मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसल्या. किट्टू आत आला, त्याने त्यांना बघितलं, आणि तो दारातच थबकला. त्यांचं काय झालं होतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती, तो डॉक्टर होता.

अध्यक्षांनी तमिळमध्ये विचारलं, "घाई केली नसती तर ही हत्यारं द्रावात पुरेशी राहिली असती, असं तुमचं म्हणणं आहे?"

त्याचा वकील उभा राहायला लागला. किट्टूने हात करून त्याला बसवलं. मग तो अध्यक्षांकडे पाठ करून मागच्या बाकाकडे वळला आणि मराठीत बोलला. मंचाच्या तिन्ही खुर्च्या बघत राहिल्या.

"अत्या, तो द्राव जुना होता. नवा मागवलेला आला नव्हता, आणि आलेल्या रोग्यांस परत कां पाठवायचं म्हणून मी तसंच रेटलं. दोन दिवस ठेवली असती तरी हत्यारं साफ झाली नसती. तुमच्या राहुकाळानं कांहीं झालं नाहीं. तुम्ही मागितलं तेव्हां नाहीं म्हणायला मला तोंड होतं. मी म्हटलं नाहीं."

अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर, आम्हाला कळेल अशा भाषेत."

तो वळला आणि तेच तमिळमध्ये पुन्हा सांगितलं. एक शब्द कमी केला नाही. त्याच्या वकिलाने कपाळावर हात ठेवला. ट्रे, द्राव, सेल्वीची तारीख, माझी तारीख, सगळं लिहून घेतलं गेलं. दुर्बीण त्याने नोटीस आली त्याच आठवड्यात बंद केली होती, हेही तेव्हाच कळलं. मला येऊन एवढं सांगितलं असतं तर! पण माणसं अशीच असतात. चूक सुधारतात, ती कबूल करायला मात्र त्यांना समन्स लागतं.

अत्या बाकावरून उठल्या. मला वाटलं चक्कर येते आहे. त्या काठी टेकत टेकत त्याच्यापर्यंत गेल्या.

"मग कागदावर माझं नांव कां घातलास रे?"

"वकिलांनीं..."

"वकिलाला मी ताक-भात घातला नाहीं."

किट्टूने मान खाली घातली. एवढा मोठा सर्जन, मंचासमोर, लहान मुलासारखा रडायला लागला. मंचाच्या शिपायाने आम्हाला बाहेर काढलं, आवाज नको म्हणून.

बाहेर झाडाखाली आम्ही ऑटोची वाट बघत होतो. किट्टू मागून आला, कोणाकडे न बघता पलीकडे गाडीवाल्याकडे गेला आणि केळ्यांचा एक लहान घड घेऊन आला. अत्या बाहेरचं शिजवलेलं काही खात नाहीत, फळ तेवढं चालतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने घड पुढे धरला. माझ्या मनात राग होता, दया होती, काय काय होतं. मी व्यंकटरावांचा हात घट्ट धरून ठेवला.

अत्यांनी एक केळं तोडलं. सोललं. खाल्लं. मग दुसरं तोडलं. मी तिसऱ्याची वाट बघत होते, आणि त्यांनी ते खरंच तोडलं. सोलता सोलता माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या,

"केळं त्याचं खाल्लं म्हणून केस सोडूं नको गो, सुंदरा."